नाव कमी केले

उजवा हात समोर धरा. चार बोटं जुळवा, अंगठा ताणून बाजूला न्या. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये जी खोबण झाली, तिच्याकडे थोडा वेळ बघा. घाई नको. हा अर्धचंद्र. महादेवाच्या माथ्यावरचा नाही, माणसाच्या मानेवर मागून नेमका बसेल असा. ‘त्याला अर्धचंद्र दिला’ म्हणताना हा हात, ती मान आणि समोरचं उघडं दार, सगळं दिसतं. गचांडीत चंद्राची शोभा नाही, पण हात तोच. उचलबांगडीला तर दोन-चार जणांचे हात लागतात.

आता हात खाली ठेवा. आपण काही इंग्रजी शब्द घेऊ. अर्थ सगळ्यांचा ढोबळमानाने एकच, बाहेर काढणे. एकेक शब्द उलटसुलट करून बघू, कंटाळा आला की ठेवून देऊ. परीक्षा नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. समानार्थी शब्दांची यादी फळ्यावर लिहायचो, मुलं वहीत उतरवायची. एक्स्पेल, इजेक्ट, आउस्ट, इव्हिक्ट, बॅनिश, एलिमिनेट. सगळ्यांना मिळून एक महिरपी कंस आणि कंसापुढे एकच मराठी शब्द: हाकलणे. मार्कांपुरतं काम भागायचं. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की ती यादी नव्हतीच, कोंडवाडा होता. कोणाची कोणती गाय, काही पत्ता नाही. हल्ली सकाळी मोतीबाग स्टेशनाकडे फिरायला जातो तेव्हा एकच शब्द सोबत नेतो. वय झालं की तेवढंच ओझं पेलतं.

एक्स्पेल घेऊ. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं टेकवा. नाडी लागली? लॅटिनमध्ये ढकलण्याचं जे क्रियापद आहे त्यातून एक्स्पेल आला आणि त्याच क्रियापदातून पल्सही आला, म्हणजे आत्ता बोटांखाली उडतेय ती. सख्खी भावंडं. दहा ठोके मोजा. दहा वेळा हृदयाने रक्त आपल्यापासून दूर ढकललं, म्हणून तुम्ही अजून या ओळीवर आहात. आता श्वास सोडा, नेहमीपेक्षा जरा लांब. पूरक, कुंभक आणि हा रेचक. रिकामं होणं. सोडलेला श्वास कुठे गेला याची चौकशी आपण कधी करत नाही.

रेचक म्हटलं की मला रेचा आठवतो. कापसातून सरकी काढायच्या यंत्राला आमच्या भागातली जुनी माणसं रेचा म्हणत; आता जिन म्हणतात. लहानपणी वडिलांबरोबर बंडीवर बसून कापूस घालायला गेलो की मी त्या यंत्राशी खिळून उभा राहायचो. चामड्याचा रूळ फिरत असतो. कापसाचा तंतू त्याला चिकटून आत ओढला जातो. रुळाला टेकून पोलादी पातं बसवलेलं, तिथे सरकी अडते. तंतू जातो, ती जाऊ शकत नाही. मग दुसरं हलतं पातं तिला खालून टकटक मारतं आणि ती सुटून खाली पडते. मागे पांढरी रुई, पुढे काळपट सरकी. सगळ्या हवेत तूस. कामकऱ्यांच्या भुवया पांढऱ्या, माझ्याही.

तिथे थोडं थांबा. कोणी कोणाला काढलं? सरकीतून रुई काढली की रुईतून सरकी? बाजाराला विचारलं तर सरकी निघाली, कारण भाव रुईला. आमच्या म्हशीला विचारलं असतं तर उत्तर वेगळं मिळालं असतं. तिला ढेप मिळायची ती सरकीची. पिकाच्या बाजूने पाहिलं तर रोप सरकीतूनच उगवतं, रुई हा तिचा पिसारा. बाहेर कोण आणि आत कोण हे पातं ठरवत नाही, पात्याचा मालक ठरवतो.

रुईच्या गाठी मग याच मोतीबाग स्टेशनावरून जायच्या. गाडीचं नाव शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटांचा रूळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेला, आणि कंपनी खासगी. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडवलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत या मार्गावर धापा टाकत होतं. इथला कापूस मँचेस्टरच्या बाजूला आणि मँचेस्टरचं लोखंड इथे, असा सौदा. आता गाडी बंद आहे. रुळांमध्ये गाजरगवत माजलंय आणि मी त्यावरून पाय उचलून चालतो.

हा रूळ बघतच दुसरा शब्द घेऊ, आउस्ट. मी वर्गात याचा अर्थ पदावरून हुसकावणे असा सांगायचो, आणि वर्तमानपत्रात तो तसाच येतो. पण मागे गेलं की लॅटिनमध्ये मूळ निघतं ते ‘वाटेत उभं राहणं’. गंमत आहे. अडवून उभा राहिला कोण, आणि शेवटी शब्द लागला कोणाला! जो आधीपासून उभा होता तो एके दिवशी कोणाच्या तरी वाटेतला ठरतो. तो हललेला नसतो. वाट नवी असते.

आमच्या तालुक्याच्या चहूबाजूंनी बंजारा तांडे आहेत. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी, त्यांचं सगळ्यात मोठं श्रद्धास्थान. या लोकांचा मूळ धंदा बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहून नेण्याचा. लमाण हे नाव लवणावरून पडलं असं म्हणतात. हजारो बैलांचे कळप घेऊन देशभर फिरणारी माणसं. आगगाडी आली, पक्क्या सडका झाल्या, आणि बैलाच्या पाठीला गिऱ्हाईक उरलं नाही. त्यांना कोणी ‘निघा’ म्हटलं नाही. दवंडी नाही, नोटीस नाही, मानेवर हात नाही. फक्त वाहायला मीठ राहिलं नाही. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. फिरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या फिरण्याचाच संशय आला. तो कायदा गेला १९५२ साली. आणि ज्या गाडीने बैल हटवले, त्या गाडीला एसटीने आणि मालट्रकने हटवलं. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड ही मोठ्या रुळाची गाडी दारव्ह्यावरून जायची आहे. तिच्याही वाटेत कोणाकोणाची वावरं उभी होती.

मालट्रक म्हटला म्हणून एक शब्द मध्येच. दारव्ह्याच्या रस्त्यावर दर चार दुकानांआड ‘ट्रान्सपोर्ट’ अशी पाटी दिसेल. १९०८ साली मुंबईच्या न्यायालयाने टिळकांना जी शिक्षा दिली ती याच शब्दाची होती, सहा वर्षं ट्रान्सपोर्टेशन. समुद्रापलीकडे वाहून नेणं. ते काळं पाणी पुढे मंडालेच्या साध्या कैदेवर आलं, पण मुदत तेवढीच राहिली. डिपोर्टमध्येही तेच वाहून नेणं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून उतरवलं, हातापायांत बेड्या घालून. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. उचलबांगडीला याहून चोख इंग्रजी प्रतिशब्द मला सुचत नाही.

आता दोन शब्द एकत्र घ्यायचे आहेत. घरातल्या उंबरठ्यावर उभे राहा. फ्लॅटमध्ये उंबरठा नसेल तर जिथे फरशी बदलते तिथे. एक पाय आत, एक बाहेर. एलिमिनेट हा शब्द या जागेचा आहे. लॅटिनमध्ये उंबरठ्याचं जे नाव, त्याच्या बाहेर घालवणं. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत दर आठवड्याला कोणी तरी एलिमिनेट होतं, रडतं, परीक्षकही रडतात; उंबरठा कुठेच दिसत नाही. तो पायाखाली ठेवून शब्द पुन्हा म्हणून बघा. जड होतो.

उंबरठा ओलांडून आता गावाच्या शिवेपर्यंत चला. तिथे दुसरा शब्द आहे, एक्स्टर्मिनेट. आज त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना ठाऊक आहे: समूळ मारून टाकणे, मागे कोणी न ठेवणे. ढेकणांपासून माणसांपर्यंत सगळ्यांसाठी वापरून झालेला शब्द. पण त्याच्या पोटात मारणं नाहीच. पोटात आहे हद्द. हद्दीच्या बाहेर घालवणं, एवढंच. आपल्या हद्दपारचा शब्दशः जुळा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोश मिटून अंगणात जाऊन बसलो होतो. हद्दपारीतून नायनाट कसा निघाला असेल?

तर शिवेवर उभे राहा आणि पोळ्याची दुसरी पहाट आठवा. तुम्ही विदर्भातले नसाल तर मी सांगतो. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी कर. तांबडं फुटायच्या आत ते मेढे उचलायचे आणि ओरडत गावाबाहेर न्यायचे: खोकला, ताप, माश्या, डास, सगळं घेऊन जा गे मारबत! नागपुरात १८८०च्या दशकापासून काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, तिथे महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना घेऊन जायला सांगतात. आमच्या गावात एवढा थाट नव्हता. आजी पुढे, मी मागे, डोळ्यांत झोप, पायात चिखल. शीव आली की मेढे फेकायचे आणि मागे वळून न बघता घरी यायचं. 

मी एकदा वळून बघितलं. शिवेच्या पलीकडे शेजारच्या गावाची तूर होती. आणि त्या गावची पोरं त्यांचे मेढे घेऊन आमच्या बाजूला ओरडत येत होती. त्यांचा खोकला आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे. आजीला विचारलं तर म्हणाली, “चाल बे, चहा थंडा होईल.”

तडीपारीचंही असंच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या ५५, ५६, ५७ या कलमांखाली माणसाला जिल्ह्यातून, लागून असलेल्या जिल्ह्यांतूनही बाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. निवडणूक किंवा गणपती जवळ आले की पेपरात नावं येतात. इथून काढलेला माणूस कुठे जातो? कोणाच्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथला तडीपार कदाचित इथे खोली शोधत असतो. तड म्हणजे काठ. काम तडीस नेलं यात जी तड आहे तीच तडीपारमध्ये आहे. काम काठाला लागतं, माणूस काठापलीकडे जातो. शिवेपलीकडे कोणाचं तरी गाव आहे तोवर हद्दपारी ही हद्दपारीच राहते. पलीकडे गावच नाही, आता सगळं आपलंच, असं ज्याला वाटायला लागतं, त्याच्या तोंडी हद्दपार शब्दाचा अर्थ बदलत असावा. कोशात हे लिहिलेलं नाही. मला शिवेवर उभं राहून असं वाटतं.

खापराचा शब्द मी पटकन सांगून टाकतो. ऑस्ट्रसाइज. अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव लोक खापराच्या तुकड्यावर कोरायचे. सहा हजार खापरं जमली की मोजणी ग्राह्य, आणि त्याने दहा वर्षं शहराबाहेर जायचं. घरदार, मालमत्ता त्याचीच राहायची, मुदत संपली की परत यायचा. आमच्याकडे वाळीत टाकलेल्याला मुदत नसे. म्हणून तर २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. आणि खापर आम्ही फोडतो, तेही दुसऱ्याच्या डोक्यावर. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटनाचं बोलावणं नयनतारा सहगल यांना गेलं होतं आणि धमक्यांनंतर मागे घेतलं गेलं. आलेल्याला घालवायला निदान मान तरी समोर लागते. इथे पाहुणीने उंबरठाही पाहिला नव्हता. उद्घाटन मग वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने, आमच्याच जिल्ह्यातल्या. मंडपात मागे बसून मी त्यांचं भाषण ऐकलं. त्या दिवशी मंचावर त्यांच्याइतकं सरळ मराठी दुसरं कोणाचं वाटलं नाही.

आता रस्टिकेट. हा कॉलेजातल्या पोरांना इंग्रजी न येताही ठाऊक असतो. यातला लॅटिन ‘रस’ म्हणजे खेडं. ऑक्सफर्ड-केंब्रिजला पोरगा वांड निघाला की त्याला काही काळ खेड्यात पाठवायचे, त्याचं नाव रस्टिकेट. दारव्ह्याच्या वर्गात हे सांगितलं की हशा व्हायचा. एकाने मागच्या बाकावरून विचारलं होतं, “सर, मंग आमाले कुठी पाठवतील? आमी तं तेथूनच आलो.” मीही हसलो होतो. त्याला उत्तर दिलं नाही.

आतापर्यंत तुम्हाला वाटत असेल, हा मास्तर मराठीची बढाई मारतोय. थोडी मारतोच आहे. आपल्या शब्दांत हात दिसतो, मान दिसते. हाकलण्याला हाक तरी आहे. बैल हाकतात तेही हाकणंच. पण हाकणारा बैलाबरोबर चालतो, हाकलणारा दारातच थांबतो. इंग्रजी शब्द मात्र लॅटिनचे हातमोजे घालून येतात, ठसे उमटत नाहीत. असं मी कितीतरी वर्षं मानत होतो. सकाळच्या फेरीत एक दिवस एक मराठी शब्द बरोबर आला, मी नेला नव्हता तरी.

तो तीन शब्दांचा आहे: नाव कमी केले.

शाळेत असाल तर ठाऊक असेल. हजेरीपटात मुलाच्या नावासमोर लाल शाईने आडवी रेघ मारायची आणि तिच्यावर बारीक अक्षरात हे लिहायचं. १९९६च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी नववीचा वर्गशिक्षक होतो. शाळेचं नाव सांगत नाही; तेव्हा बऱ्याच शाळा हे करत. दहावीचा निकाल वर ठेवायचा तर कच्चं पोरगं नववीतच गळलेलं बरं. एक मुलगा होता, तांड्यावरचा. गणितात आणि माझ्या इंग्रजीत नापास, बाकी गप्प. वर्गाची कौलं गळायची तेव्हा न सांगता वर चढून कौल बसवून देणारा. त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते टेबलापाशी उभेच राहिले, हातात टोपी.

“पोट्टा वाईट नाही जी, सर. त्याले मांगं बसू द्या.”

“भाऊ, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. दुसऱ्या शाळेत पास तरी होईल.”

अर्ज मीच लिहिला. माझा मुलगा अन्य शाळेत दाखल करावयाचा असल्याने शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही विनंती. त्यांनी खाली सही केली, तीन अक्षरं, एकेका अक्षराला दम घेत. मग दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. त्यात मी लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून. अक्षर माझं चांगलं आहे. शिक्का उमटला, शाई वाळेपर्यंत मी कागद हवेत हलवला आणि मुलाच्या हातात दिला. त्याने तो पुस्तकात घडी न पडता ठेवला. ‘थँक यू, सर’ म्हणाला. माझ्या तासाला शिकवलेलं.

आता ते तीन शब्द हळू म्हणा. नाव. कमी. केले. कोणी केले? वाक्यात कर्ता शोधा. मी मुलांना कर्ता शोधायला शिकवायचो, पॅसिव्ह व्हॉइसच्या पाठात, बाय अमुक बाय तमुक. इथे बाय नाही. शाळा त्याने सोडली, विनंती वडिलांनी केली, नाव आपोआप कमी झालं. गचांडी नाही, अर्धचंद्र नाही. शुद्ध, सरकारी, माझ्या मातृभाषेतलं वाक्य.

२००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या १६व्या कलमात एक्स्पेल हा शब्द आहे: प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. कलम वाचल्यावर मी आधी मर्यादा बघितली. आठवीपर्यंत. तो नववीत होता. क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं ते अजून विसरता येत नाही.

शेवटचं एक. त्याचा हजेरी क्रमांक २४ होता. वर्षाच्या मध्ये नाव कमी झालं की पुढचे क्रमांक सरकवत नाहीत, जागा तशीच राहते. मी हजेरी वहीत बघून घेत नसे, सवयीने तोंडपाठ म्हणत असे. जरा मोठ्याने, माझ्याबरोबर म्हणा. घाई नको.

एकवीस.

हजर सर.

बावीस.

हजर सर.

तेवीस.

हजर सर.

चोवीस.